तीस सेकंद

असोग्याच्या धोंड्यांत तिवईचा एक पाय
शेवाळावरून सारखा घसरतो.
भिंगावर काळी काच चढवली
आणि मोजायला लागलो.

पलीकडं सोनाक्का चादर आपटत होती.
नऊला तिनं ती पिळली,
एकविसाला खोकली, पदर खोचला.
मलप्रभा तेवढ्यात कितीतरी पुढं गेली.

पडद्यावर बघतो तर नदी नाही,
पेज सांडल्यासारखं काहीतरी पांढरं.
धोंडे जागच्या जागी, निळी बादलीसुद्धा.
सोनाक्काच्या जागी जरासा धूर.

"मी कुठं हाय रं ह्यात?"
"हललीस की तू."
"मग? हलू नको तर
धुणं काय तुझा बाप धुणार?"

पुन्हा काच लावली. एक, दोन...
सतराला तिनं बादलीही उचलली.