उणे एकवीस

चर्चच्या तळघरात स्केट्स मिळाले, सात डॉलरला,
एक नंबर मोठे. दोन मोजे चढवले की बसतात.
डाव्या बुटात आधीच्या मालकिणीनं पेननं लिहिलंय: गिलेन.
तर गिलेनबाई, तुमच्या पायांनी मी आज
माँट्रियालच्या गोठलेल्या तळ्यावर उभी आहे.

उभी म्हणजे, आवाच्या कोटाला धरून.
ती डाकारची. तिलाही येत नाही.
आम्ही एकमेकींचा आधार,
म्हणजे पडलो तर जोडीनं.

पडलोच.
पाचेक वर्षांचं एक पोर गर्रकन वळून थांबलं,
फ्रेंचमध्ये म्हणालं, गुडघे वाकवा, मादाम.
अख्ख्या सत्रात न कळलेला आज्ञार्थ
बसल्या जागी कळला.

उणे एकवीस. पापण्यांवर दहिवर,
नाकातला केस न् केस मोजून घ्यावा.
आईला फोनवर म्हटलं, "आहे थोडा गारवा."

काठाशी एक म्हातारा स्वच्छ बर्फावर
उकळता पाक ओततो, काडीला गुंडाळून देतो.
मेपलचा, म्हणाला.
माझी जीभ हटूनच बसली: काकवी आहे ही, काकवी.
आवानं वोलोफमध्ये भलतंच नाव घेतलं.
वाद नको म्हणून दोघींनी आणखी एकेक काडी घेतली.

चारलाच दिवे लागले.
बर्फ निळं झालं, मग जांभळं,
आणि कुणीच घरी जाईना.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण उद्या द्यायचंय.
उद्या.
आत्ता अजून एक फेरी,
या वेळी कोट सोडून,
निदान त्या बाकापर्यंत.