लखोटा

शिडी अठरा पायऱ्यांची. मी सोळावीवर होते.
त्सुगच्या सरोवरावर ऊन तिरपं झालेलं,
कमरेच्या टोपलीत चेरी, काळ्याभोर, देठासकट.
देठ तुटला की बाजारात भाव उतरतो.
मी देठ जपला.

मग गवत. मग हेलिकॉप्टरचा वारा,
आणि आलोईस, माझ्या ओठांवरच्या मुंग्या
एकेक करून टिपत बसलेला.
पाठीच्या आठव्या मणक्याखाली
माझ्या पायांनी काढता पाय घेतला होता,
मला न सांगता.

इथे दारावर नाव आहे, आनेलीस इटेन.
कागदोपत्री मी सातवी.
कण्यालगत एक पट्टी शिवलीय, तारांची सोळा टोकं,
आणि पोटाच्या कातडीखाली काडेपेटीएवढा तिचा मालक,
जो झोपताना कुशीला टोचतो.
संमतीपत्र एकवीस पानांचं.
चौदाव्या पानावर लिहिलंय,
बरं होण्याची हमी कुणीही दिलेली नाही.
रेतो म्हणतो, तेवढंच पान मला नीट कळलं.
रेतो पाचवा. मोटारसायकलवरून उडालेला, वय एकवीस.

सकाळी मला छताच्या रुळाला टांगतात,
काट्यावर वासरू तोलावं तशी.
खाली पट्टा सरकत असतो.
दुल्से, पोर्तुगालची, स्टुलावर वाकून
माझं पाऊल उचलते, ठेवते, उचलते, ठेवते,
बाराशे वेळा, जेवणाच्या सुट्टीआधी.
तिची पाठ धरते. मी विचारलं तर म्हणते,
माझी दुखते तरी!
आणि दोघींना इतकं हसू येतं
की पट्टा थांबवावा लागतो.

टीव्हीवाले आले. त्यांना चाल हवी होती.
मला सांगायचं होतं, तेराव्या आठवड्यात
डाव्या गुडघ्यामागे घाम आला.
सांगायचं होतं, लघवी लागल्याचं मला कळलं,
नळी घालायच्या आधी, आतून,
आणि रात्री अडीच वाजता दिवा लावून
मी वेड्यासारखी एकटीच बसून राहिले.
त्यांनी कॅमेरा बुटांवर धरला.

आता दुसरा टप्पा.
काही दिवस यंत्र चालू असतं,
काही दिवस नुसतं चालू म्हणतात.
प्रवाह इतका हलका, की मुंग्यासुद्धा येत नाहीत.
(पूर्वी मी मुंग्यांना कंटाळायचे.)
कुठला दिवस कुठला, ते मला ठाऊक नाही,
दुल्सेलाही नाही.
ते एका लखोट्यात आहे,
लखोटा कपाटात, कपाट नोव्हेंबरात उघडणार.

बुधवारी उजवा अंगठा हलला.

फडफड नव्हे, फडफड मी ओळखते,
ती रात्री येते, पांघरूण पाडते आणि जाते.
हा मी म्हटलं तेव्हा हलला.
पुन्हा म्हटलं. थोडा वेळ गेला, मग हलला,
जणू ऐकू कमी येणाऱ्या माणसाने मान वळवावी.
दुल्सेने काही बोलायचं नसतं. बोलली नाही.
पेन मात्र तिचं खाली पडलं,
आणि ते उचलायला तिने फार वेळ घेतला.

चालू असेल, तर अंगठा यंत्राचा.
आणि अभ्यास संपल्यावर यंत्र कुणाचं,
त्याची दुरुस्ती कोण करणार, बॅटरी कोण बदलणार,
हे एकवीस पानांत कुठेच नाही, मी शोधलं.
बंद असेल, तर
इथे मी थांबते.
रेतो थांबत नाही. त्याने बंदवर पैज लावलीय,
दोन मोठी चॉकलेटं, बदामाची.

आलोईस रविवारी येतो.
चेरी यंदा मजुरांनी उतरवल्या, सांगतो.
देठ फार तुटले.
अंगठ्याचं मी त्याला सांगितलेलं नाही.
विचारलं, शिडी?
आहे.
कुठे आहे?
आहे म्हटलं ना.
खिडकीबाहेर बघत त्याने संत्रं सोललं,
फोडी माझ्या तळहातावर ठेवल्या.
संत्र्याच्या वासाखाली त्याच्या बोटांना
जवसाच्या तेलाचा वास येत होता,
जे आम्ही फक्त लाकडाला लावतो.