हातचा

मी तिसरीला गणित शिकवते, देस्सेच्या सरकारी शाळेत.
मुलांना सांगते, एका घरात मावलं नाही
की शेजारच्या घराच्या डोक्यावर ठेवायचं.
त्याला हातचा म्हणतात.
विसरायचा नाही.

बारावीच्या परीक्षेला एकोणीस दिवस होते
तेव्हा मेक्लितचा उजवा हात गेला.
पडली नाही, लागलं नाही.
पेनाचं टोपण काढायला गेली आणि मनगटापुढे तो
दुसऱ्याच कुणाचा झाला,
गार इंजेरासारखा मांडीवर पसरलेला.

त्याच आठवड्यात तिच्या वर्गातल्या तिघींचे पाय,
एकीचा आवाज.
शेजारीण म्हणाली, शाळेच्या नळापाशी कुणीतरी काहीतरी पुरलंय.
मुख्याध्यापक म्हणाले, नाटकं.
मी काहीच म्हटलं नाही.
रात्री ती झोपल्यावर सुई घेतली
आणि टोचली.

हात चटकन मागे गेला.
सकाळी पुन्हा निपचित.

हे मी फक्त डॉक्टर येशिमेबेटना सांगितलं,
चोरी कबूल करावी तसं.
त्यांनी हातोडी खाली ठेवली.
'म्हणजे हात शाबूत आहे,' म्हणाल्या,
'आणि तुझी बहीण खोटं बोलत नाही.
दोन्ही एकदम खरं असू शकतं.
तिच्या मनात काय मावत नाहीये, ते बघ.'

मला काय बघायचं ते कळेना.
घर आहे तसंच होतं.
आई बैरूतला, मादामच्या घरी, नऊ वर्षं.
महिन्याला पैसे, रविवारी आवाज:
अभ्यास कर बाळा, माझ्यासारखे हात नकोत तुझे.

मग आम्ही तिला डोंगरावर नेलं, त्सेबेलला,
पहाटे, उपाशीपोटी.
पांढऱ्या नेतेलांची रांग, दातांवर दात वाजणारे.
आब्बा लिसानेवर्कनी तीर्थ डोक्यावर ओतलं,
क्रूस कपाळाला लावला आणि दरडावलं,
'कोण आहेस तू? बोल!'

मेक्लित बोलली.
आईचा आवाज. आईचीच ती घाई,
कुणीतरी मागून हाक मारत असल्यासारखी:
'एक तारखेला पाठवते गं. एक तारखेला नक्की पाठवते.'

आब्बांनी आयुष्यात किती भुतं बोलती केली असतील.
ते थांबले.
क्रूस काखेत धरला, स्वतःची कोरडी शाल
तिच्या खांद्यांवर टाकली.
'हिच्यात कुणी शिरलेलं नाही,' म्हणाले.
'घरी न्या. काहीतरी गरम खायला घाला.'
आणि जाता जाता, मला:
'प्रार्थना थांबवू नका. त्या डॉक्टरीणबाईंकडे जाणंही.'

उतरताना दोघी गप्प.
खाली पोचेपर्यंत तिचे केस अर्धे वाळले होते.

सोमवारी वर्गात कासाहुनने विचारलं,
टीचर, शेवटच्या घराला शेजारीच नसला
तर हातचा कुठे ठेवायचा?
खाली मांडायचा, म्हटलं. उघड. सगळ्यांच्या आधी.
आणि खडू हातात तसाच राहिला.

हात देवळात आला नाही, दवाखान्यातही नाही.
गुरुवारी कॉफी भाजताना दाणे करपायला लागले,
मी दाराशी, दूधवाल्याशी हुज्जत घालत,
आणि तिने झडप घालून तवाच उचलला.
उजव्याने. फडक्याशिवाय.

दोन बोटांना फोड.
पेन अजून धरवत नाही, अंगठा ऐकत नाही,
परीक्षेला सहा दिवस.
पण त्या रात्री तिने आईला आवाज पाठवला.
गुणांचं नाही, पैशांचं नाही.
आई, म्हणाली, भाजलं गं.
खूप दुखतंय.