आपली पांढरी

निपाणीच्या मैदानात फक्कीची रेघ
पहिल्याच क्वार्टरला पायांखाली पुसते,
तरी ती कुठं होती ते माझ्या टाचेला माहीत असतं.

इथं बेळगावात, एवढ्या उंच छताखाली,
लाकडी फरशीवर चार रंगांच्या रेघा.
बॅडमिंटनची पिवळी, व्हॉलीबॉलची निळी,
एक हिरवी, कशाची ते कुणालाच सांगता येईना.
"आपली पांढरी की," म्हणाले टेबलावरचे मठपती सर
आणि घड्याळाच्या वायरी जुळवत बसले.

शिट्टी वर छतापर्यंत जाते,
दुसऱ्याच कुणी वाजवल्यासारखी परत येते.
पोरी थांबतात, माझ्याकडं बघतात, मग वर.

तिसऱ्या क्वार्टरला गोकाकची सात नंबर
कडेनं सुटली. पुढं कुणी नाही.
आणि माझा हात वर: बाहेर!
चेंडू काखेत धरून ती आली,
बुटाच्या टोकानं पिवळी रेघ दाखवली,
"सर, इदु बॅडमिंटन गेरे."

गेरे म्हणजे रेघ. एवढं कानडी येतं मला,
बांधाच्या मोजणीला शिकलेलं.
गॅलरीतून दोन्ही भाषांत शिव्या आल्या,
एक पुरली असती.

चेंडू तिलाच दिला, कडेवरून.
मोकळी वाट परत द्यायची
खूण नाही आमच्यात.

तीन गुणांनी हरल्या.
दोन माझे धरले तरी एक उरतो,
हा हिशेब संकेश्वरपर्यंत पुरला.
पुढं खिडकीतून नुसता तंबाखूचा वास,
आणि खिशात शिट्टी, अजून ओली.