मीठ

प्रेसमधली पहिली पाळी संपवून
गायधनी मामा नाशिकरोडहून सायकलीवर यायचे,
कॅरिअरला चिनीमातीची बरणी,
लोणच्याची, मामींना न विचारता उचललेली.

तांबट आळीत बाबूशेट वडनेऱ्यांकडून
दोन पट्ट्या ठोकून घेतल्या त्यांनी.
"कसल्या भांड्याच्या ह्या?"
"संध्याकाळच्या," मामा म्हणाले.
बाबूशेटनं पैसे जरा जपूनच मागितले.

बरणीत पाणी, पाण्यात मीठ,
एक पट्टी तळाशी, दुसरी दोरीला.
दोरी सोडली की रंगमंचावर उजाडायचं,
ओढली की मावळायचं.
दुसऱ्या अंकापर्यंत पाण्याला कढ येई
आणि विंगेत डोळे चुरचुरत,
नायिका खरंच रडतेय असं नवख्यांना वाटे.

मी तेरा वर्षांचा. माझ्याकडे मिठाचं खातं.
मामा बोट बुडवून जिभेला लावायचे
(मेन स्विच पाडलाय ना, दोनदा विचारून)
आणि म्हणायचे, "अळणी. अजून एक मूठ."
घरी मामींचं वेगळंच:
सगळं मीठ नाटकाला, मग आमटीनं काय करायचं?

एकदा मला गंगेवर नेलं.
हातात घड्याळ दिलं.
"दुतोंड्या मारुतीवरचं ऊन किती वेळात उतरतं, मोज."
"कुठल्या तोंडावरचं?"
"मावळतीच्या. उगवतीचं सकाळी येऊन मोज."
अकरा मिनिटं.
"नाटकात आपल्याला तीनच देतात," ते म्हणाले,
"पण हाताला अकरा ठाऊक पाहिजेत."

मग फिरता रंगमंच. द्वारकेच्या गॅरेजातलं
ट्रकचं बेअरिंग, वर सागाच्या फळ्या.
स्पर्धेच्या रात्री तो अडला.
आम्ही सहा जण खाली उताणे,
पाय फळ्यांना लावून ढकलत राहिलो,
सातवे मामा. वर राजवाडा सावकाश फिरला,
टाळ्या आमच्या छातीवर पडल्या, धुळीसकट.
दुसऱ्या दिवशी पेपरात नेपथ्याबद्दल अर्धी ओळ.
मामांनी ती कापून बेअरिंगच्या बिलाला टाचली.

पुढं मुंबईहून डिमर आले, मग कॉम्प्युटर.
मामांनी एक उघडून पाहिला,
पुन्हा नीट बंद केला.
"बेस्ट आहे," म्हणाले,
"चव घेता येत नाही एवढंच."

सत्काराला शाल, नारळ, झगझगीत झोत.
दोन शब्द बोला म्हणाले.
मामांनी कपाळाशी हात धरला, वर पाहिलं.
"तीन नंबरचा जिलेटिन जळलाय रे."
सभागृह हसलं.
मी शिडी आणायला धावलो. जळलाच होता.

आता बोर्डावर मी असतो.
दिग्दर्शक पोरगी हुशार आहे, म्हणते,
काका, संध्याकाळ, चार सेकंदांत.
मी आकडा टाकतो.
अंधार व्हायच्या आत, कुणी बघत नसताना,
बोट जिभेला लावतो.

अळणी.