खोली नंबर दोन, बॅलीकॅसल

पाच दिवसांत सात किल्ले
उरकून आलं होतं हे बिऱ्हाड.
बापाच्या यादीवर खुणाच खुणा,
धाकट्या फर्गसला गाडी लागलेली,
आणि आयलीचा एक मोजा ओला,
कुठल्याशा तळ्यात.

चादरी वाळत घालता घालता
नुआलाने बोट केलं :
ते निळसर दिसतंय ना, ते स्कॉटलंड.
"आम्ही तिथूनच आलो!" आयली ओरडली.
"तू कधी गेली होतीस?"

नुआलाच्या तोंडात चिमटा होता.
बरं झालं.

सकाळी निघून गेले सगळे
षटकोनी दगड बघायला.
उशीखाली सापडला
पलीकडच्या किनाऱ्यावरचा खडा,
साधाच, करडा,
आणि तो मोजा, अजून दमट.

मोजा तिने दोरीवर टाकला.
खडा ॲप्रनच्या खिशात.

दिवसभर वाकताना
मांडीला लागत राहिला.