मधे येणारं घर

स्काय बेट. पोर्ट्रीच्या चौकातून साडेनऊला सुटलो,
सोळा सीटांची गाडी, काचांवर आतून धुकं,
आणि इशबेल: गाइड, ड्रायव्हर, हवामानखातं, सगळं एकटीच.
तिकिटं लेकीने काढलेली, ग्लासगोहून.
"आई, सगळी सिनेमातली ठिकाणं आहेत. बाबांना आवडेल."
बाबा पहिल्या वळणालाच झोपले.

पहिला थांबा, एक कडा.
इशबेलने लॅमिनेट केलेला फोटो काढला,
हात लांब करून डोंगरावर धरला,
डोंगराला डोंगर जुळवला, कपाटाची दारं जुळवावीत तसा.
म्हणाली, इथे राजवाडा होता.
प्लायवूडचा. सहा आठवडे.
आम्ही पंधरा जणांनी नसलेला राजवाडा पाहिला.
एका मेंढीने मान वर केली, परत खाली घातली.

पुढे, इथून घोडे धावले.
बोटीने आणले होते, एकाला बोट लागली.
त्याच्याही पुढे, इथे ती नटी रडली,
पण वारा एवढा की आसवं कानाकडे जायची,
मग पुन्हा रडली, आडोशाला.
मुकुंद तेवढ्यात जागा झाला.
"हे आपल्या नाणेघाटासारखंच आहे."
गेली एकतीस वर्षं जगातलं सगळंच त्याला
कशासारखं तरी असतं.
मी तिखटमिठाची पुरी काढून दिली.

मग खाडी. पाणी शिशासारखं,
पलीकडे डोंगर, ढगात मुंडकं खुपसून बसलेले,
आणि अलीकडे एक पांढरं घर, लाल पत्र्याचं,
दोरीवर चादरी.
फोटोत सगळं होतं, खाडी, डोंगर,
ढगसुद्धा जवळपास तेच.
घर नव्हतं.

"तिथे माझी मावशी राहते," इशबेल म्हणाली.
त्या शतकात इथे पत्रे नव्हते,
म्हणून नंतर कॉम्प्युटरवर पुसलं.
आधी पत्र आलं होतं, रीतसर, विचारून.
थोडे पैसेही आले. त्यात मावशीने पत्रा बदलला
आणि लाल रंग दिला, आधीपेक्षा गडद.

सिनेमा आला तेव्हा गावच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या.
मावशी पुढच्या रांगेत.
खाडी दिसली तशी ती जराशी वाकली.
घराच्या जागी गवत होतं,
उंच, वाऱ्यावर हलणारं.
"गवत छान केलंय," एवढंच म्हणाली.
त्या रात्री घराचं कुलूप उघडताना
तिने आधी भिंतीला हात लावून पाहिला का,
हे इशबेलने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सगळे फोटो काढत होते.
"जरा डावीकडे सरक," मुकुंद म्हणाला, "ते घर मधे येतंय."
रेनकोटच्या टोपीतून मला ऐकू आलं नाही,
असं मी दाखवलं.

फाटकापाशी लाकडी पेटी, आत अंडी,
खडूने लिहिलेला भाव, पैसे टाकायला बरणी.
बघायला कुणी नाही.
मी सहा घेतली.
"आपण हॉटेलात राहतोय. अंड्यांचं काय करणार?"
खरंच होतं ते.

पुढचं मला नीट आठवत नाही.
एक धबधबा होता बहुतेक,
कुणीतरी तिथून पडलं होतं, कमरेला दोरी बांधून.
मी उतरले नाही, मांडीवर अंडी होती.
रस्ता एकपदरी. समोरून गाडी आली
की इशबेल आपली मागे घ्यायची
आणि दर वेळी हात वर करायची,
ओळख असो नसो.

रात्री हॉटेलच्या किटलीत दोन उकडली.
बटण टक्कन बंद व्हायचं,
पुन्हा दाबायचं, पुन्हा टक्क.
सातव्यांदा झाली.
मुकुंदने सोलून अर्धं केलं,
आतला गर्द पिवळा बघून म्हणाला, "हे अगदी..."
आणि थांबला.
कशासारखं ते सुचेना बहुधा.
मीठ शोधायला लागला.